वेताळ टेकडीवर नवीन आहात? आधी पायाने फिरा, सायकल नंतर

दर जानेवारीत हे ठरलेलं. ऑफिसमधलं कोणीतरी चहाच्या मशीनपाशी गाठतं आणि म्हणतं, अगं तू टेकडीवर सायकल नेतेस ना, मी पण परवाच गिअरवाली घेतली, येऊ का या रविवारी? आणि मी दरवेळी तेच सांगते की ये, पण सायकल घरी ठेवून ये, आधी चार रविवार नुसतं चालू. समोरच्याचा चेहरा पडतो. वाटतं मी टाळतेय. टाळत बिळत नाही, पण मी स्वतः उलट्या क्रमाने शिकले, आधी सायकल मग टेकडी, आणि त्याची खूण अजून डाव्या कोपरावर आहे. ती गोष्ट पुढे येईलच. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या जानेवारीत नुसतं पाठवून देता येईल.

टेकडी आहे कशी

पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा साधारण ८०० मीटरवर. म्हणजे चढ फार नाही, पायथ्यापासून दोनशे-अडीचशे मीटर. सिंहगड चढलेल्या माणसाला हे काहीच नाही असं वाटतं. पण सिंहगडाला एक मळलेली वाट असते, वर जाणारे सगळे वर जातात आणि खाली येणारे सगळे खाली येतात, चुकायला वाव कमी. इथे तसं नाही. टेकडी वरून बऱ्यापैकी सपाट आणि पसरट आहे, तिला लॉ कॉलेज रोड, कोथरूड, पाषाण-पंचवटी, गोखलेनगर, चतुःशृंगी अशा सगळ्या बाजूंनी वाटा येऊन मिळतात, आणि वर गेल्यावर त्या वाटांचं जाळं होतं. नवीन माणूस कोथरूडहून चढतो आणि पाषाणला उतरतो, मग रिक्षाला पैसे नाहीत म्हणून घरी फोन. हसू नका, माझ्या ओळखीत तिघांचं झालंय.

म्हणून पहिल्या दिवशी तीन खुणा पाठ करा. एक, वेताळाचं देऊळ, ते माथ्यावर. दोन, खाण, म्हणजे जुनी दगडाची खाण जिच्यात पाणी साठलेलं असतं, कोणालाही विचारा, "खाण कुठे" म्हटलं की सांगतात. तीन, एआरएआय, वाहनांच्या चाचण्या करणारी ती संस्था, तिच्यापर्यंत कोथरूडच्या बाजूने डांबरी रस्ता वर येतो आणि म्हणूनच अर्धं पुणं या टेकडीला एआरएआय टेकडीच म्हणतं. या तीन जागा एकमेकींपासून कुठल्या दिशेला आहेत हे डोक्यात बसलं की हरवणं अवघड आहे. आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेकडे, थोडं पश्चिमेला, सिंहगडावरचा टॉवर दिसतो, पश्चिमेला पाषाण तलाव. मोबाईलचा नकाशा आहेच, पण वर झाडीत कधी कधी रेंज गंडते आणि नकाशावर सगळ्या पायवाटा असतातच असं नाही, आणि असल्या तरी त्यातली कुठली नुसती गुरांची आहे हे नकाशा सांगत नाही.

खाणीच्या पाण्यात उतरायचं नाही. पाणी शांत दिसतं, कडेला मुलं फोटो काढत असतात, पण खाणीचे काठ सरळ तुटलेले असतात, दोन पावलं आत आणि तळच नाही. पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धरायला काही मिळत नाही. यावर चर्चा नको.

कुठून चढायचं

अगदी नवीन असाल, बरोबर आई-बाबा किंवा लहान पोरं असतील, तर एआरएआयच्या बाजूने. डांबरी रस्त्याने चढ संपतो, मग आत शिरल्यावर रुंद आणि बऱ्यापैकी सपाट वाट आहे, खाणीकडे आणि पुढे देवळाकडे जाणारी, सकाळी भरपूर माणसं असतात. थोडा दम काढायचा असेल तर लॉ कॉलेज रोडच्या बाजूने, कांचन गल्लीतून आत गेलं की पायथा येतो आणि मग चांगला खडा चढ आहे, माझ्यासारखीला अर्धा-पाऊण तास. गोखलेनगर आणि सेनापती बापट रोडच्या बाजूनेही वर येता येतं. पाषाणकडची बाजू मला स्वतःला सगळ्यात आवडते पण ती पहिल्या रविवारची नाही, तिकडे गर्दी कमी असते आणि वाटा फुटतात जास्त.

फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी ही वेगळी टेकडी आहे बरं का. बाहेरगावहून आलेली मुलं "टेकडीवर भेटू" म्हणतात आणि एक इकडे एक तिकडे. पुण्यात नुसतं टेकडी म्हणून भागत नाही, कुठली ते सांगायला लागतं.

कधी

सकाळी. हिवाळ्यात सातच्या आसपास उजाडतं, उन्हाळ्यात सहाला, त्याच्या थोडं आधी पायथ्याशी असलात तर वर पोचेपर्यंत छान प्रकाश असतो. संध्याकाळी जायचं तर उतरायला अंधाराच्या आधी लागा, डिसेंबरात सहाला सूर्य जातो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. पुण्याच्या टेकड्यांवर जोडप्यांना, एकट्या पोरापोरींना चाकू दाखवून लुबाडल्याच्या बातम्या पेपरात येत राहतात, तेव्हा सूर्यास्त बघत बसायचं आणि मग मोबाईलच्या टॉर्चवर उतरायचं हे रोमँटिक वाटलं तरी करू नका. बायकांनी एकटं जावं का असं मला खूपजणी विचारतात. मी जाते, पण सकाळी सहा ते नऊमध्ये आणि मळलेल्या वाटेनेच, आणि घरी सांगून की कुठल्या बाजूने चढतेय आणि कधी परत येणार. सोन्याची चेन आणि महागडं घड्याळ घरी. ११२ नंबर लक्षात असतोच सगळ्यांच्या, १०८ ॲम्ब्युलन्सचा पण असू द्या.

जमीन बरीचशी वनखात्याची आहे, गेटं आहेत, बोर्ड आहेत, वेळा लिहिलेल्या असतात. त्या वाचा. बोर्ड वाचायची आपल्याला सवय नाही हे मला मान्य आहे.

पायात आणि पाठीवर

बूट. नवीन लोक इथे दोन प्रकारे चुकतात, एक तर गुळगुळीत झालेले जिमचे बूट घालून येतात नाहीतर थेट दहा हजारांचे घोट्यापर्यंतचे बूट घेतात. टेकडीला दोन्ही नको. खाली खाचा असलेला, बोटांपुढे अर्धा अंगठा जागा असलेला कुठलाही बूट चालतो, आपल्याकडे ट्रेकवाले वर्षानुवर्षं ते ॲक्शन ट्रेकिंगचे साधे बूट वापरत आले आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. खाचा का हव्यात ते सांगते. टेकडीचा दगड म्हणजे आपला काळा बेसॉल्ट, आणि त्याच्यावर सगळीकडे सुटा मुरूम. हा मुरूम उतारावर बेअरिंगच्या गोळ्यांसारखा वागतो, पाय टेकवला की खालून निसटतो. चढताना कळत नाही, उतरताना कळतं. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाचेवर सगळा भार देऊन मागे रेलू नका, रेललात की बसलातच.

मोजे जरा उंच, कारण कुसळं. पावसाळ्यानंतर टेकडीवरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याची ती अणकुचीदार कुसळं मोज्यांत अशी घुसतात की चालता चालता घोट्याला सुया टोचल्यासारखं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन चतुर्थांश पँटमध्ये आलेला माणूस परत कधी तसा येत नाही.

पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दोन. वर पाण्याची सोय धरून चालू नका. खायला राजगिऱ्याची वडी, चिक्की, गूळ-शेंगदाणे, केळं, बस. केळ्याची साल खाली आणायची, "कुजतं ना ते" हे उत्तर नाही. एक छोटा नॅपकिन, बँडेज, आणि तुम्हाला जी काही रोजची गोळी असेल ती. स्पीकर नको हो. मी हात जोडते. मोर ओरडत असतो आणि एक जण खिशात रिमिक्स लावून चाललेला असतो.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी एआरएआयच्या बाजूने वर, खाणीपर्यंत, परत. दुसऱ्या रविवारी देवळापर्यंत. तिसऱ्या रविवारी लॉ कॉलेजकडून चढा आणि त्याच वाटेने उतरा, दुसऱ्या वाटेने नाही. चौथ्या रविवारी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरा, आणि हे कोणी माहीतगार बरोबर असतानाच. या चार दिवसांत वेग बघू नका, घड्याळात पावलं किती झाली ते बघू नका, वाट बघा. कुठे खड्डा आहे, कुठे मुरूम आहे, कुठे दगडाची पायरी आहे, कुठल्या वळणावर समोरून माणसं अचानक येतात. हे सगळं सायकलवर असताना बघायला वेळ नसतो, ते आधीच माहीत असावं लागतं. मी तर म्हणेन चौथ्या रविवारी चालताना मनातल्या मनात सायकल चालवा, इथे ब्रेक सोडला असता, इथे उतरले असते.

आणि चरांकडे बघा. वनखात्याने पाणी जिरवायला उतारांवर आडवे चर खणलेत, सलग समतल चर म्हणतात त्याला, कडेला मातीचा बांध आणि त्यावर झाडं. चालणाऱ्याला त्रास नाही, पण पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढलं की चर दिसतच नाही आणि वाट सोडून शॉर्टकट मारणारा सायकलवाला पुढच्या चाकासकट त्यात जातो. वाट सोडायची नाही याचं मोठं कारण पर्यावरण वगैरे आहेच, पण छोटं कारण हे आहे की दात राहतील.

झाडांची ओळख पण याच चार दिवसांत करून घ्या, कारण टेकडीवर वाट ओळखायला झाडं उपयोगी पडतात. सगळ्यात जास्त दिसतं ते गिरीपुष्प, फेब्रुवारीच्या सुमारास पानं गळून गुलाबी फुलांनी भरतं, लोक त्याला चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकडी हिरवी करायची म्हणून लावलेलं, आणि उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव ऐकलं की फोटोची मजा जरा कमी होते. त्याच्या राईत फिरताना बघा, खाली फार काही उगवत नाही, पक्षीही कमी. मग तिथून पुढे जिथे जुनी झाडं आहेत, मोई, सालई, मेडशिंग, पळस, तिथे जा आणि फरक कानांनी ऐका, सातभाई, बुलबुल, तित्तर, मध्येच राखी धनेश. जूनच्या सुमारास नशीब असेल तर नवरंग शीळ घालतो. मोर तर सकाळी दिसतातच, त्यांच्या मागे मोबाईल घेऊन पळू नका, पळणारा मोर बघून काय मिळतं कोणाला.

साप आहेत. घोणस, नाग, फुरसं, सगळे आहेत, आणि ते तुमच्या वाटेला जात नाहीत. दगडाखाली, गवतात न बघता हात घालू नका, बसायच्या आधी दगड बघा, कानात बोंडं घालून अंधारात उतरू नका. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही नाही, माणसाला शांत बसवा, चावलेला हातपाय हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, १०८ लावा आणि उचलून खाली न्या, चालवत नाही.

आता सायकल.

कुठली सायकल

तुमच्याकडे जी आहे ती, जर तिचे टायर जाड आणि खाचांचे असतील आणि ब्रेक लागत असतील. खरंच. पुढे सस्पेन्शन म्हणजे धक्के झेलणारा दांडा, मागे नाही, अशी हार्डटेल टेकडीला भरपूर झाली. पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, दोन इंचांच्या वरचे टायर, डिस्क ब्रेक, आणि चढायला खूप हलका असा एक गिअर, एवढं असलं की झालं. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली स्वस्त सायकल मात्र घेऊ नका, स्वस्तातलं मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसती स्प्रिंग असते, पायाचा अर्धा जोर त्यातच खर्च होतो आणि वजन वाढतं ते वेगळंच. पैसे उरले तर हेल्मेटवर घाला. हेल्मेट नसेल तर टेकडी नाही. ग्लोव्ह्ज पण, कारण पडताना हातच पुढे जातात.

हवेची गोष्ट. हाच माझा कोपर. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी सायकल घेऊन थेट वर आले, दुकानदाराने हवा दाबून भरून दिलेली, टायर दगडासारखा, मी खूश की वा काय पळतेय. खाणीच्या पुढे एक साधा उतार आहे, मुरमाचा, चालत उतरताना लक्षातही येत नाही. तिथे वेग आला, घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला, पुढचं चाक मुरमावर सरकलं, आणि मी डाव्या कोपरावर. एक काका काठी टेकत येत होते, त्यांनी आधी सायकल उचलली, मग मला, आणि म्हणाले, "अगं, एवढ्या उतारावर बसूनच जायला पाहिजे का? हातात धरून उतर की." तेव्हा राग आला होता. आता मी स्वतः नवीन पोरांना हेच सांगते.

तर हवा. रस्त्यावरच्या सायकलला जितकी भरतात तितकी टेकडीवर भरायची नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाला, सव्वादोन इंचाच्या ट्यूबवाल्या टायरला तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या मीटरवर दिसतं) आसपास, मागे दोन-तीन जास्त. कडक टायर दगडावरून उड्या मारतो, थोडा मऊ टायर दगडाला बिलगतो. फार कमी केलीत तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, तेव्हा एकदम वीसवर नका येऊ. घरी पंपाला मीटर असू द्या, अंगठ्याने दाबून बघणं हे आपल्या आजोबांच्या सायकलला ठीक होतं.

पंक्चर होणार. बाभूळ, बोर, खैर, सगळे काटेवालेच आहेत. पाठीवर एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर म्हणजे रिममधून टायर सोडवायच्या पट्ट्या, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा सेट, आणि हे सगळं घरी अंगणात किंवा पार्किंगमध्ये दोनदा करून बघितलेलं असावं. काटा टायरमध्येच राहिला आणि तुम्ही नवीन ट्यूब घातली की ती पण गेली, म्हणून टायरच्या आतून हात फिरवून काटा शोधा, हळू फिरवा, बोट कापेल. ज्यांना हे फार होतं त्यांनी ट्यूबमध्ये घालायचं ते चिकट द्रव्य भरून घ्यावं, बारीक भोकं आपोआप बुजतात.

चालवायचं कसं

सीट. चढताना सीट उंच, पाय जवळजवळ सरळ होईल इतकी. उतरायच्या आधी थांबून सीट चार बोटं खाली करा. आळस करू नका, सगळे करतात आळस.

पहिला दिवस देवळाच्या आसपासच्या सपाट भागात, रुंद वाटेवर, फक्त ब्रेक शिकायला. पुढचा ब्रेक हाच खरा थांबवणारा ब्रेक आहे, मागचा नुसता सरकवतो, पण पुढचा हळू पिळायचा, लिंबू पिळल्यासारखा, आणि वळणात नाही, वळणाच्या आधी. दोन्ही ब्रेकवर एक-एक बोट, बाकीच्या बोटांनी हँडल. सपाटीवर वेग घ्या, एका दगडाची खूण धरा, त्याच्यापाशी न घसरता थांबा, परत, परत. वीस वेळा. कंटाळवाणं आहे. पण कोपर...

मग उभं राहायला शिका. उतारावर सीटवर बसायचं नसतं, पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल एका पातळीत म्हणजे एक पुढे एक मागे, गुडघे आणि कोपरं वाकलेली, नजर चाकाच्या पुढ्यात नाही, दहा-पंधरा फूट लांब. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हे मला कोणी समजावून दिलं नसतं तरी दगडांनी दिलं असतं. उतार जास्त खडा असेल तर बूड सीटच्या मागे न्या. आणि उतार बघून पोटात गोळा आला तर उतरा, सायकल डाव्या हाताला धरा आणि चालत जा. मी अजून दोन ठिकाणी उतरते. लाज नाही वाटत.

चढाला हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायचा, चढात जोर लावून गिअर बदललात की चेन कडकड करते आणि एक दिवस तुटते. खड्या चढावर बसूनच राहा, सीटच्या टोकाकडे सरका, छाती हँडलकडे, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही आणि मागच्या चाकाला पकड राहते. दम लागला की थांबायचं. टेकडी कुठे जात नाही.

टेकडी कोणाची

चालणाऱ्यांची. हे एकदा मान्य केलं की सायकलवाल्यांचे निम्मे वाद मिटतात. रोज पहाटे येणारे सत्तरीचे आजोबा, घरून कॅनमध्ये पाणी आणून रोपांना घालणारे काका-काकू, पळणारी पोरं, शाळेची सहल, पक्षी बघणारे, त्या सगळ्यांनंतर आपला नंबर. समोर माणूस दिसला की वेग कमी, जवळ आलं की पाय टेकून थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं. मागून जायचं असेल तर लांबूनच घंटी, आणि घंटी नसेल तर "काका, उजवीकडून येतेय हं" असं माणसासारखं सांगायचं, अगदी मागे जाऊन किंचाळायचं नाही. कमी ऐकू येणारे खूप असतात. रविवारी सात ते नऊ मी सायकल नेतच नाही, तेव्हा जत्रा असते. बुधवारी ऑफिसच्या आधी जाते, टेकडी मोकळी असते.

सायकलला कुठल्या वाटेवर बंदी आहे ते गेटावर लिहिलेलं असेल तर तिकडे जायचं नाही, आणि वनखात्याच्या माणसाने अडवलं तर हुज्जत घालायची नाही. एकाने घातलेल्या हुज्जतीमुळे सगळ्यांना बंदी होते, हे सोसायटीच्या क्रिकेटमध्ये आपण बघितलेलंच आहे. नवीन वाट पाडू नका, रॅम्प बांधू नका, फांद्या तोडू नका. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा या रस्त्यावरून केवढं रण माजलं, २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला पुणेकर मोर्चा घेऊन चालले होते, ते लोक रस्त्याला नाही म्हणतात आणि आपण चाकांनी बारा रस्ते पाडायचे हे बरं दिसत नाही.

पावसाळा आणि उन्हाळा

जून ते सप्टेंबर टेकडी सगळ्यात सुंदर आणि सायकलला सगळ्यात वाईट. काळी माती चाकाला चिकटून चाक फिरेनासं होतं, बेसॉल्टवर शेवाळ असतं, आणि ओल्या वाटेवर चाकाने पडलेली चरी पुढच्या पावसात ओढा होते. मी पावसाळ्यात सायकल नेत नाही. चालायला जाते, काठी घेऊन. पाऊस थांबून दोन-तीन कोरडे दिवस गेले की मग बघायचं, बूट टाकल्यावर माती तळव्याला चिकटून वर आली तर आज नाही.

मार्च ते मे उलटी तऱ्हा, सगळं वाळलेलं, आणि वणवा. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे पट्ट्या-पट्ट्यांनी गवत काढून ठेवतात की आग पुढे जाऊ नये, तरी दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे लागतेच, कोणाच्या तरी बिडीने. वर सिगारेट ओढणारा दिसला तर गोड बोलून विझवायला लावा. धूर दिसला तर व्हिडिओ नंतर, आधी १०१ ला फोन, वनखात्याचा १९२६ आहे, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने खाली उतरा, आग बघायला जवळ जाऊ नका. वाळलेलं गवत पेटलं की माणसापेक्षा जोरात पळतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हाच सायकलचा सिझन. ऑफिसवाल्यांचा जानेवारीचा संकल्प अगदीच चुकीच्या वेळी नसतो, एवढं मान्य करते.

पुढे काय

वेताळ टेकडी पाठ झाली की तळजाई-पाचगाव पर्वतीच्या जंगलात जा, ते जरा वेगळं आहे. चालणाऱ्यांनी सिंहगड चढा, आणि मग कधीतरी कात्रज ते सिंहगड, ज्याला सगळे केटूएस म्हणतात, एकामागून एक टेकड्या, बहुतेक लोक रात्रीत करतात, ते मात्र अनुभवी ग्रुपबरोबरच आणि दोन-तीन लिटर पाणी घेऊन. सायकलने केटूएस कोणी सुचवलं तर त्याला आधी स्वतः करून दाखवायला सांगा.

घरी आल्यावर सायकलवर पाइपने जोरात पाणी मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. वाळलेली माती ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसा, तेलाचे थेंब चेनच्या आतल्या बाजूला टाका आणि जादाचं पुसून काढा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच तेलावर सगळा मुरूम येऊन बसतो. टायर हाताने फिरवून काटे बघा, आत्ता निघालेला काटा म्हणजे पुढच्या बुधवारी वाचलेला अर्धा तास. आणि मोजे दाराबाहेरच काढा. एकदा मी तसेच मशीनमध्ये टाकले होते, त्यानंतर महिनाभर आमच्या घरातला प्रत्येक जण टॉवेलने तोंड पुसताना "आई गं" म्हणत होता.